श्वास रोखू नका

अंदमानला गेलेला मराठी माणूस पहिल्यांदा सेल्युलर जेलमध्ये जातो. सावरकरांच्या कोठडीपुढे चपला काढतो, डोळे पुसतो, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघतो आणि बाहेर आल्यावर त्याची पंचाईत होते. सुट्टी तर अजून पुष्कळ शिल्लक असते. पण कोलू बघून आल्यावर लगेच फुलाफुलांची चड्डी घालून वाळूत लोळायचं कसं? जिवाला बरं वाटत नाही.

आमच्या सहलीचे आयोजक, म्हणजे बायकोचे काका, यांनी त्यावर तोडगा काढून ठेवला होता. काका राहणार पुण्याचे, निवृत्त, पहाटे बागेत प्राणायामाचा मोफत वर्ग घेणारे. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत एक अख्खा दिवस ‘आराम’ म्हणून राखून ठेवला होता. पत्रिका छापील होती. त्यात लिहिलं होतं : सकाळी ९ ते ११ आराम (समुद्रकिनारी). ११ ते १ आराम (खोलीत). १ ते २ भोजन. २ ते ४ सक्तीचा आराम. ‘सक्तीचा’ कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, “तुम्हा लोकांना सांगितल्याशिवाय काही होत नाही.”

आरामाची जागा ठरली शहीद द्वीप. हे नाव ३० डिसेंबर २०१८ ला मिळालं. त्याआधी हे नील बेट होतं. १८५७ मध्ये अलाहाबादच्या परिसरात दिसेल त्याला झाडाला टांगत सुटलेला जो जेम्स नील, त्याचं नाव. त्या माणसाच्या नावाच्या बेटावर आपली नवी जोडपी इतकी वर्षं मधुचंद्राला जात होती. शेजारच्या हॅवलॉकचं झालं स्वराज द्वीप. शहीद आणि स्वराज ही दोन्ही नावं नेताजींनी १९४३ सालीच सुचवलेली. हा सगळा इतिहास काकांनी बोटीत आमच्यासह मागच्या दोन रांगांना ऐकवला. पण जेट्टीवर उतरलो तर रिक्षावाला म्हणाला, “वेलकम टू नील, अंकल.” काकांनी त्याला दुरुस्त केलं. दुसऱ्या रिक्षावाल्यालाही केलं. नारळपाणीवाल्यापर्यंत पोचेतो त्यांचा घसा कोरडा पडला होता, त्यामुळे त्याला त्यांनी आधी नारळ फोडू दिला आणि मग दुरुस्त केलं.

किनाऱ्यांच्या नावांबद्दल मात्र काकांची तक्रार नव्हती. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे वसवलं आणि बेटावर रामायण मांडलं गेलं. सीतापूरला सूर्य उगवतो, लक्ष्मणपूरला मावळतो, गाव रामनगर, आणि जेट्टीला लागून भरतपूर. भरतपूरला काचेच्या तळाच्या होडीत चढताना चपला किनाऱ्यावरच काढून ठेवायच्या असतात. “पादुका कुणाच्या स्वाधीन करायच्या ते बरोबर ठरवलंय,” काका म्हणाले.

आमचं रिसॉर्ट म्हणजे माडांखाली बांबूच्या दहाबारा झोपड्या, पत्र्याखालचं जेवणघर आणि डाइव्ह सेंटर नावाची एक शेड. शेडच्या दोरीवर काळे ओले सूट उलटे लटकत होते. ते बघून काकू म्हणाल्या, “बाई गं, एवढी माणसं वाळत घातलीत!”

आरामाला पहिला धक्का सूर्याने दिला. हे बेट मुंबईच्या तब्बल वीस रेखांश पूर्वेला, पण घड्याळ तेच. जानेवारीत इथे पावणेसहाला सूर्य वर असतो आणि संध्याकाळी सव्वापाचला बुडतो. साडेसहाच्या सुमाराला डोळे उघडले तेव्हा ऊन इतकं चढलं होतं की ऑफिसला उशीर झाल्याच्या भीतीने मी ताडकन उठून बसलो. बाहेर काका अनवाणी येरझाऱ्या घालत होते. पांढऱ्याशुभ्र, मऊ वाळूवर अनवाणी चाललं की पृथ्वीची ऊर्जा तळपायातून थेट वर चढते, असं त्यांचं मत आहे. शेडमधून एक सडपातळ बंगाली मुलगा सिलिंडर खांद्यावर टाकून चालला होता. तो इथला इन्स्ट्रक्टर. काकांनी त्यालाही ऊर्जेबद्दल सांगितलं. त्याने सिलिंडर खाली ठेवून आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अंकल, यह रेत ज्यादातर पैरटफिश का पॉटी है.”

तो खरंच बोलत होता. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि उरलेल्या चुन्याचं पीठ करून मागे सोडतो. मोठा मासा असला तर वर्षाकाठचा हिशेब क्विंटलमध्ये मांडावा लागतो. उष्ण कटिबंधातल्या अशा कित्येक पांढऱ्या किनाऱ्यांची पैदास मुख्यतः ह्याच मार्गाने झालेली आहे. काका क्षणभर एका पायावर उभे राहिले. मग जाऊन चपला घालून आले. पत्रिकेप्रमाणे अजून किनाऱ्यावरचा आराम सुरूही झाला नव्हता.

नाश्त्याला लुची आणि बटाट्याची भाजी होती. मॅनेजर येऊन म्हणाला, भरती आत्ता आहे, दुपारी पाणी उतरेल, ज्यांना डाइव्ह करायचं असेल त्यांनी लगेच फॉर्म भरा. फॉर्ममध्ये दमा, फिट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधं अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं असतं. काकांना ‘हो किंवा नाही’ मान्य नाही. त्यांनी रक्तदाबापुढे ‘होता, आता आटोक्यात, गोळी अर्धी’ असं लिहिलं, कानापुढे १९७१ साली आळंदीला नदीत उडी मारताना काय झालं ते लिहिलं, आणि जागा संपली म्हणून बाण काढून मागच्या पानावर गेले. मॅनेजरने सांगितलं की एक जरी ‘हो’ असलं तरी डॉक्टरचं पत्र लागतं. पत्र नव्हतं. काका म्हणाले, “तत्त्वतः मला यायचंच नव्हतं. मी निरीक्षण करीन.”

तेव्हा काकूंनी पर्स उघडली. बडीशेपेची डबी, काकांच्या गोळ्या, नारळाच्या वड्या असं एकेक बाहेर आलं आणि तळातून निघाला चार घड्या घातलेला कागद. पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र. वय सत्तावन्न, प्रकृती उत्तम, स्कूबा डायव्हिंगला हरकत नाही. तारीख महिन्यापूर्वीची.

“हे कधी घेतलंस?” काकांनी विचारलं.

“तुमचा वर्ग असतो ना सकाळी, तेव्हा.”

काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपण समुद्रावर गेलं, लग्न होऊन सदाशिव पेठेत आल्या, आणि तीस वर्षांत त्यांचा पाण्याशी आलेला संबंध म्हणजे दिवसाआड येणारा नळ. तारकर्लीला, त्यांच्या माहेरच्याच जिल्ह्यात, स्कूबा सुरू झालं आणि शेजारणींच्या सुनासुद्धा बुड्या मारून आल्या. काकू तेव्हा गौरीच्या करंज्या तळत होत्या. हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं ते फार सहजपणे, फॉर्मवर खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ असं लिहीत लिहीत.

इन्स्ट्रक्टरने शेडमध्ये फळ्यावर चित्र काढून शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी दोन, काकू आणि मी. निरीक्षक एक. पाण्यात खाली जाताना कान दुखतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो. छान म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. इथवर सगळं ठीक होतं. मग तो म्हणाला, “और सबसे बड़ा रूल. सांस कभी रोकना नहीं है. नेव्हर.”

काका उठून उभे राहिले.

“बेटा, हम तीस साल से कुंभक करता है.”

“क्या करता है, अंकल?”

“कुंभक. श्वास भीतर लेके थांबवने का. उसमें से आयुष्य बढ़ता है.”

“पानी में मत बढ़ाइए, अंकल.”

मुलगा हुशार होता. त्याने फळ्यावर फुगा काढला. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तिथे सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात, तर पृष्ठभागाशी ती दुप्पट जागा मागते. छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटतं. म्हणून खाली असेपर्यंत आत-बाहेर, आत-बाहेर, सावकाश, न थांबता. काकांनी फुग्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी फळ्यावरचं गणित तपासलं, बरोबर निघालं, त्यामुळे ते आणखी अस्वस्थ झाले. “म्हणजे पतंजलींना हे माहीत नव्हतं असं म्हणायचंय का याला?” त्यांनी मला मराठीत विचारलं. मी म्हटलं, पतंजली किनाऱ्यावर बसून करत असणार. हे त्यांना थोडंसं पटलं.

पुढचा अर्धा तास सूट घालण्यात गेला. ओला रबरी सूट अंगात चढवणं म्हणजे धुतलेला अभ्रा ओला असतानाच गादीवर चढवणं. काकूंचा एक पाय आत गेला की दुसरा बाहेर यायचा. शेवटी आचाऱ्याच्या बायकोने येऊन त्यांना दोन्ही बाजूंनी धरून हलवलं आणि त्या एकदम आत गेल्या. मग त्यांच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधायला लागले. काकू म्हणाल्या, “मला? अजून वजन?” माणूस सूटसकट पाण्यावर तरंगतो, बुडायला शिसं लागतं, असं मुलाने समजावलं. डाएटवाली बाई, गुडघ्यांचे डॉक्टर, धाकटी नणंद या सगळ्यांचं ऐकत आलेल्या काकूंच्या आयुष्यात, तुमचं वजन कमी पडतंय असं म्हणणारा हा पहिला माणूस. त्यांनी त्याला नारळाची वडी दिली.

मग तो म्हणाला, मास्कच्या काचेवर आतून थुंका, म्हणजे वाफ धरत नाही. काकांनी तोंड फिरवलं. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी आपल्या सोसायटीत त्यांनीच लावलेली आहे.

पाण्याखालच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे माणूस उगाच कविता करतो. ती मी टाळतो. पहिली पाच मिनिटं मला स्वतःच्या श्वासाच्या खरखरीपलीकडे काही कळलं नाही. मग कळलं की खाली सगळं जवळ आणि थोराड दिसतं. पाण्यात वस्तू सुमारे तेहतीस टक्के मोठ्या भासतात, त्यामुळे पर्यटकांनी येऊन सांगितलेल्या सगळ्या माशांमधून पाव हिस्सा वजा करावा. काकू माझ्या पुढे होत्या, त्यांच्या सिलिंडरची कडी धरून तो मुलगा वर. त्यांच्या मनगटाला देवीचा लाल गंडा होता. तो आठ-दहा मीटरवर मळकट तपकिरी झाला. पाणी लाल रंग आधी गिळतं हे फळ्यावर नव्हतं सांगितलं. काकूंनी मनगट डोळ्यांशी नेलं, उलटसुलट करून बघितलं आणि दुसऱ्या हाताने घासूनही पाहिलं.

काही ठिकाणी प्रवाळ हाडांइतके पांढरेफटक पडले होते. समुद्र तापला की ते असे पडतात. अंदमानात २०१० मध्ये फार मोठं नुकसान झालं, २०१६ ला पुन्हा. मधूनमधून नवी जांभळी टोकं फुटलेली दिसत होती. समुद्रफुलात नारिंगी-पांढरे निमो आतबाहेर करत होते. या माशांचं घर कसं चालतं ते नंतर मुलाने सांगितलं. सगळ्यात मोठी ती बाई, तिच्याखाली नवरा, बाकीचे उमेदवार उंचीप्रमाणे रांगेत. बाई गेली तर नवऱ्याचीच बाई होते आणि कारभार हातात घेते. ऐकून काकू म्हणाल्या, “बघा, जबाबदारी पडली की जमतं.”

एका खडकाखाली मोठा गोब्रा तोंड उघडं ठेवून बसला होता. काकू थबकल्या. त्यांनी मला बोटाने तो दाखवला. मी गोल करून ‘छान’ म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग डावा हात आडवा धरला आणि त्यावर उजव्या तळव्याच्या कडेने, नीट अंतर सोडून, चार वेळा वार केले. तुकड्या. एवढ्या जाडीच्या. इन्स्ट्रक्टरने घाबरून माझ्याकडे बघितलं आणि खुणेने विचारलं, आंटी ठीक आहेत ना? मी परत गोल केला. पुढे एक पाकट वाळूवरून सरकत गेलं, एका फटीतून शेवंडाच्या मिशा दिसल्या. काकूंचा हात आडवा होत होता आणि वार पडत होते. हे प्रवाळांतले मासे पकडायचे नसतात, शिंपलासुद्धा खिशात घालायचा नसतो, विमानतळावर सामान तपासतात, हे सगळं त्यांना माहीत होतं. पण मनात कालवण करायला परवाना लागत नाही.

वर आल्यावर मास्क काढून त्या होडीत बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं घाबरल्या. मी विचारलं, काय काकू, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, “अरे, खाली कुणी बोलतच नाही.”

थोड्या वेळाने परत म्हणाल्या, “सल्ला नाही, बातम्या नाहीत, चहा नाही. अर्धा तास. मी म्हटलं असं असतं होय!”

किनाऱ्यावर काका घड्याळ घेऊन उभे होते. त्यांच्यामागे माडांना बांधलेल्या झोळीत माझी बायको झोपली होती. ती नाश्त्यानंतर जी झोपली ती पत्रिका न वाचता झोपली होती आणि आमच्यात फक्त तिचाच कार्यक्रम वेळेवर चालला होता. काकांनीही दुसऱ्या झोळीत आराम करून पाहिला होता. त्यांचं म्हणणं, झोळीत पाठ धनुराकृती होते आणि मणक्याला ते अनुलोम नाही. मॅनेजर हळूच मला म्हणाला की ते आत गेले होते, पण बाहेर काढायला दोघं लागले.

जेवणात काकांची चंगळ झाली. हे बेट अंदमानचं भाजीचं कोठार आहे. वांगी, कोबी, भोपळा इथून राजधानीला जातो. सरसोंच्या तेलातली वांगी खाताना काका म्हणाले, समुद्राच्या मध्यभागी शाकाहार इतका सुखाचा असेल असं वाटलं नव्हतं. काकू शेजारच्या टेबलावरच्या सुरमईकडे बघत वरणभात खात होत्या. लग्नात झालेल्या बोलीप्रमाणे त्या मासे खातात ते फक्त माहेरी, आणि माहेरी जाणं आता वर्षातून कसंबसं एकदा.

जेवण झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की मला परत खाली जायचंय. काका लगेच तत्पर झाले. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं हे त्यांनी फळ्यावर वाचून ठेवलं होतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुडे करतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त केल्या तर १८. बोटीच्या तिकिटाच्या मागे त्यांनी हिशेब मांडला. दुपारी तीनला वर आलात. उद्या दुपारी एकचं विमान. तीन ते तीन बारा, बारा आणि दहा… बावीस. त्यांनी पुन्हा मांडला. पुन्हा बावीसच. “यांचं गणित कधी चुकत नाही,” काकू मॅनेजरला म्हणाल्या आणि सूट घालायला उठल्या.

पण समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण पार लांब. सकाळी जिथे गळ्यापर्यंत पाणी होतं तिथे आता खडक आणि खेकडे होते, आणि आमची होडी एका कुशीवर कलंडून पडली होती. पाणी परत येईपर्यंत अंधार पडणार होता. काकू कमरेवर हात ठेवून बराच वेळ ओहोटीकडे बघत राहिल्या. काकांनी पत्रिका काढली आणि म्हणाले, “तसाही आत्ता सक्तीचा आरामच आहे.” काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. वेंगुर्ल्याची माणसं अशी बघतात तेव्हा काहीतरी ठरलेलं असतं.

साडेपाचला दिवस संपला. म्हणजे खरोखर संपला, काळोख. जेवण साडेसातला. दोन तास करायचं काय, हे पत्रिकेत नव्हतं, कारण पत्रिका पुण्याच्या सूर्यावर बेतलेली होती. इन्स्ट्रक्टर शेडबाहेर बसून सामान गोड्या पाण्याने धूत होता. काका त्याच्याजवळ जाऊन बसले. बोलता बोलता त्यांना कळलं की हा मुलगा सुट्टीच्या दिवशी सिलिंडरशिवाय बुड्या मारतो. एका श्वासात वीस मीटर खाली जातो आणि परत येतो.

“म्हणजे श्वास रोखून!” काका ओरडले.

“हां अंकल, फ्री डाइविंग में तो रोकना ही है. ऊपर की हवा लेके गए, नीचे दबके छोटी हुई, ऊपर आके फिर उतनी की उतनी. सिलिंडर की हवा नहीं है न.”

काकांना पतंजली परत मिळाले. त्यांनी ताबडतोब पद्मासन घातलं. स्पर्धा ठरली. मुलाने मनगटावरचं मोठं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. दोघांनी श्वास भरला. विजेरीच्या उजेडात काकांचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले. मुलगा निवांत माझ्याकडे बघून हसत होता. तीस सेकंद झाली. चाळीस.

जेवणघराच्या बाजूने काकू आल्या. सगळं एका नजरेत बघितलं आणि काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, मी आत जाऊन सुरमई सांगतेय. तळलेली, आणि कालवण. तुमच्याच टेबलावर बसून खाणार आहे. हरकत असेल तर आत्ता बोला.”

काकांचे डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मुलगा अजून हसत होता.

“पन्नास,” मी म्हटलं.

काकांनी हात उचलला आणि जोरजोरात हलवला. काकू म्हणाल्या, “हातवाऱ्यांचं मला कळत नाही. तोंडाने सांगा.”

“पंचावन्न.”

काकांचा चेहरा देवीच्या गंड्याइतका लाल झाला होता. काकू साठपर्यंत थांबल्या आणि मग स्वयंपाकघराकडे वळल्या.